एकशे अठ्ठावीस आणि चव्वेचाळीस

विनॅम्प आठवतंय ना? ती छोटीशी काळपट खिडकी, हिरव्या आकड्यांत पळणारा वेळ, आणि गाण्याच्या नावाखाली दोन बारीकसे आकडे: १२८ केबीपीएस, ४४ किलोहर्ट्झ. २००० च्या आसपास ज्यांनी होस्टेलवर किंवा पहिल्या पगारातून घेतलेल्या असेंबल्ड पीसीवर गाणी ऐकली, त्यांनी हे आकडे हजारो वेळा पाहिलेत. एवढे वेळा, की ते दिसायचेच बंद झाले. मोटरच्या नंबर प्लेटकडे आपण कुठे रोज बघतो?

गंमत अशी आहे की या दोन्ही आकड्यांचा संगीताशी थेट संबंध नाही. कुठल्या गवयाने, वादकाने किंवा कानांच्या डॉक्टरने ते ठरवलेले नाहीत. एक आकडा आलाय व्हिडिओ टेपमधून आणि दुसरा टेलिफोनच्या तारेतून. ते कसे आले हे एकदा कळलं, की त्या काळात आपण डब्यांच्या डबे भरून ज्या सीड्या राइट केल्या त्यांच्यात नक्की काय आहे आणि काय नाही, हेही आपोआप कळतं. आणि ते जरा घाईनेच बघायला हवंय. का, ते पुढे येईलच.

आधी चव्वेचाळीस. पूर्ण आकडा ४४,१००.

आवाज आकड्यांत साठवायचा म्हणजे काय, तर हवेच्या लाटेची उंची ठरावीक अंतराने मोजत राहायची आणि मोजमापं लिहून ठेवायची. सेकंदाला किती वेळा मोजायची? बेल लॅब्जमधल्या हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये जे मांडलं त्याचं सार असं: लाटेत जी सगळ्यात वरची वारंवारता असेल, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजलं तर मूळ लाट पुन्हा उभी करता येते. 'साधारण तशीच' नाही, तंतोतंत तीच. (कागदावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी लाट काढून "डिजिटल आवाज असा तुटक असतो बघ" असं सांगणारे हौशी लोक प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतात. त्या पायऱ्या फक्त चित्रात असतात. स्पीकरपर्यंत पोचते ती लाट गुळगुळीतच असते.)

माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही लहानपणी. म्हणजे दुप्पट झाले ४०,०००. त्याच्या वर गाळणीसाठी, म्हणजे फिल्टरसाठी, थोडी जागा सोडायला हवी. इथपर्यंत ठीक. पण मग ४२,००० का नाही? ४५,००० का नाही? हे एक्केचाळीसशेसारखं शेपूट लावलेलं विचित्र १०० कुठून आलं?

१९७० च्या दशकातली अडचण मोजण्याची नव्हती, साठवण्याची होती. दोन चॅनल, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, सेकंदाला चाळीस-एक हजार मोजमापं. म्हणजे सेकंदाला चौदा लाख बिटच्या आसपास. आज आपण एवढा डेटा व्हॉट्सअॅपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांवर उधळतो. पण तेव्हा तासभर संगीत मावेल अशी हार्ड डिस्क स्टुडिओला परवडणं शक्यच नव्हतं. एवढा वेगाचा सिग्नल सलग तासभर लिहू शकेल असं एकच यंत्र बाजारात तयार होतं, ते म्हणजे व्हिडिओ टेप रेकॉर्डर.

मग इंजिनियर लोकांनी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा मार्ग निवडला. जुगाड. आवाजाचे आकडे घ्यायचे, त्यांचे शून्य-एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलायचे, आणि ते ठिपके म्हणजे जणू टीव्हीचं चित्र आहे असं भासवून व्हिडिओ टेपवर लिहायचे. या डब्याला पीसीएम अॅडाप्टर म्हणत. त्या टेपला टीव्ही जोडला असता तर कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर मुंग्या दिसायच्या, तसलं काहीतरी दिसलं असतं. रेकॉर्डरला काय फरक पडतो! तो बिचारा चित्र समजून लिहीत राहणार.

आता चित्र म्हटलं की टीव्हीचे नियम आले. अमेरिका-जपानची पद्धत सेकंदाला ६० फील्डची, युरोपची (आणि आपल्या दूरदर्शनची) ५० फील्डची. ६० फील्डच्या पद्धतीत एका फील्डमध्ये कामाला येतील अशा २४५ ओळी धरल्या, आणि प्रत्येक ओळीत ३ मोजमापं बसवली. २४५ गुणिले ६० गुणिले ३. करून बघा: ४४,१००. ५० फील्डच्या पद्धतीत ओळी जास्त असतात, तिथे २९४ धरल्या. २९४ गुणिले ५० गुणिले ३. पुन्हा ४४,१००! दोन्ही खंडांतल्या यंत्रांवर चालेल असा आकडा सापडला. (खरं तर रंगीत टीव्ही आल्यावर अमेरिकन पद्धत ६० ची ५९.९४ झाली होती. त्यामुळे काही यंत्रांवर ४४,०५६ असा अजूनच भयानक आकडा वापरात होता. तो प्रमाण झाला नाही हे आपलं नशीब.)

सोनीचं पीसीएम-१६०० हे यंत्र असंच यू-मॅटिक व्हिडिओ टेपवर लिहायचं. आणि सीडीचं प्रमाण ठरवायला सोनी आणि फिलिप्स एकत्र बसले, तेव्हा स्टुडिओंमध्ये हा आकडा आधीच रुळायला लागला होता. म्हणून तो सीडीत आला. सीडीच्या कारखान्यात जाणारा मास्टरही पुढे कित्येक वर्षं यू-मॅटिक टेपवरच जायचा. म्हणजे १९८० च्या दशकात तुम्ही ऐकलेली 'लेझरची' सीडी ही बहुतेक वेळा एका व्हिडिओ कॅसेटची पोर होती.

बाकीचे आकडेही असेच वाटाघाटीतून आले. फिलिप्सने मार्च १९७९ मध्ये आइंडहोव्हनला आपला नमुना दाखवला, तेव्हा त्यांना १४ बिट पुरेसे वाटत होते. सोनी १६ वर अडून बसली. १९८० मध्ये प्रमाण ठरलं ते १६ बिटचं. पण फिलिप्सकडे चिप तयार होती १४ बिटची! मग त्यांनी मोजमापांच्या मध्ये गणिताने आणखी मोजमापं भरून, चौपट वेगाने ती चिप चालवून १४ बिटच्या चिपकडून १६ बिटचं काम काढून घेतलं. त्यांचे सुरुवातीचे प्लेअर याच पद्धतीचे आहेत आणि जुन्या प्लेअरचे शौकीन आजही त्यांच्या आवाजाची तारीफ करतात. मला ही गोष्ट फार आवडते. हार्डवेअर हातात जे आहे ते, बाकीचं गणिताने भरून काढा.

७४ मिनिटांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, बेथोव्हेनची नववी सिंफनी पूर्ण मावावी म्हणून वगैरे. सीडीच्या कोडिंगवर ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं त्या कीस शूहॅमर इमिंक यांनी नंतर लिहिलंय की खरं कारण बरंचसं धंद्याचं होतं. फिलिप्सच्या गटातल्या पॉलिग्रामचा कारखाना ११.५ सेंटीमीटरच्या तबकडीसाठी तयारीत होता, १२ सेंटीमीटर केलं की ती आघाडी जात होती. असो. बेथोव्हेनची गोष्ट सांगायला जास्त छान आहे, त्यामुळे ती मरणार नाही.

१ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला आणि गाडी सुरू झाली.

आता थोडं तबकडीच्या पोटात शिरू, कारण पुढच्या सगळ्याला ते लागणार आहे. सीडीवर सेकंदाचे ७५ तुकडे असतात. ४४,१०० भागिले ७५ म्हणजे ५८८ मोजमापं एका तुकड्यात, दोन चॅनलची मिळून २,३५२ बाइट. पण तीच तबकडी डेटासाठी वापरली की त्याच तुकड्यात फक्त २,०४८ बाइट भरतात. उरलेली जागा तुकड्याचा पत्ता आणि चूक दुरुस्तीची जादा माहिती खाते. म्हणूनच ७४ मिनिटांची डिस्क ६५० एमबीची आणि ८० मिनिटांची ७०० एमबीची म्हणून विकली जायची, पण त्याच ८० मिनिटांच्या डिस्कवर वेव फाइली ८०० एमबीच्या वर बसायच्या. ही कसली जादू, म्हणून तेव्हा वाद घालणारे लोक होते. जादू नाही. डेटाला विमा लागतो, गाण्याला कमी विमा चालतो एवढंच.

का चालतो? एक बिट चुकला तर तुमची झिप फाइल उघडत नाही. गाण्यात एक मोजमाप हरवलं तर प्लेअर अलीकडचं आणि पलीकडचं बघतो आणि मधलं अंदाजाने भरतो. त्याआधी रीड-सॉलोमन पद्धतीची दुरुस्ती असतेच. ट्रॅकच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा ती पूर्णपणे भरून काढू शकते, अंदाज न करता. त्याच्या पुढे मात्र प्लेअर थापा मारायला लागतो. चांगल्या थापा, ऐकू न येणाऱ्या, पण थापाच. म्हणून ऑडिओ सीडीची पीसीवर अचूक प्रत काढणं हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं आणि त्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, सीडीपॅरानोइया असले एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघणारे प्रोग्राम लिहिले गेले. नाव बघा: पॅरानोइया. लिहिणाऱ्याने काय भोगलं असेल!

आता दुसरा आकडा, १२८.

ही गोष्ट जर्मनीतल्या एर्लांगनची. तिथल्या विद्यापीठात डिटर झाइट्सर नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या डोक्यात होतं की टेलिफोनच्या नव्या डिजिटल तारेवरून, म्हणजे आयएसडीएनवरून, संगीत पाठवता आलं पाहिजे. पेटंटचा अर्ज केला तर तपासनीस म्हणाला, हे अशक्य आहे. मग अशक्य नाही हे सिद्ध करायला एक पीएचडीचा विद्यार्थी लागला. तो म्हणजे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग. १९८९ मध्ये त्यांचा प्रबंध झाला, एर्लांगनचीच फ्राउनहोफर संस्था कामाला लागली, १९९२ मध्ये एमपेग समितीने मसुदा पक्का केला, आणि १४ जुलै १९९५ ला संस्थेत अंतर्गत मतदान घेऊन फाइलीचं शेपूट ठरलं: डॉट एमपीथ्री.

आयएसडीएनच्या एका वाहिनीचा वेग ६४ किलोबिट. घरगुती जोडणीत अशा दोन वाहिन्या मिळायच्या. दोन्ही मिळून? १२८. बस्स. तुमच्या-माझ्या हजारो गाण्यांवर जो आकडा बसला तो जर्मन टेलिफोन खात्याच्या तारेच्या मापाचा होता.

सीडीचा वेग १,४११ किलोबिट, तारेचा १२८. म्हणजे अकरा भागांतले दहा टाकायचे आणि एक ठेवायचा. टाकायचं काय? तर कानाला तसंही ऐकू येणार नाही ते. स्टेशनवर मित्राशी बोलत असताना फास्ट लोकल धडधडत गेली की मित्राचे ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. शब्द हवेत असतात, कानात पोचतात, पण मोठा आवाज त्यांना झाकून टाकतो. एका सुराच्या आसपासच्या वारंवारतेतले बारीक सूर असेच झाकले जातात. एमपीथ्री नेमकं हेच शोधतं आणि जे झाकलं गेलंय ते तरी टाकतं, नाहीतर ढोबळपणे लिहितं. गाण्याचे सव्वीस मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येकात हा हिशोब करायचा आणि बिट वाटून द्यायचे. तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्या बाईसारखं. जिथे ओरड होईल तिथे आधी पैसे.

ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीला सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' घेतलं होतं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. लपायला जागाच नाही! सुरुवातीला तो आवाज भयंकर येत होता, आणि तो सुधारता सुधारता एमपीथ्री घडलं. दुसरं अवघड जनावर म्हणजे स्पॅनिश कॅस्टनेट, त्या लाकडी चिपळ्या. शांततेतून एकदम खाडकन आवाज आला की तुकड्याच्या हिशोबात झालेली चूक त्या पूर्ण तुकड्यावर पसरते, म्हणजे ठोका पडायच्या आधीच त्याची एक हलकी फुसफुस ऐकू येते. आपल्याकडे हाच खेळ तबल्याच्या किनारीवर होतो. चांगल्या हेडफोनवर जुनं १२८ चं तबल्याचं सोलो लावा, 'ना' ची धार बोथट झालेली कळेल. एकदा कळलं की मग ते कानातून जात नाही, हा इशारा आधीच देऊन ठेवतो :-)

पण न्याय करायचा तर एमपीथ्री हे वाईट काम नाही. चांगला एनकोडर (१९९८ पासून वाढत गेलेला लेम हा फुकटातला सर्वोत्तम) आणि १९२ च्या पुढे बिट दिले, तर डोळे बांधून फरक ओळखणारे फार थोडे असतात आणि त्यांच्यात मी नाही. घोळ १२८ आणि त्यातही घाईत चालवलेल्या एनकोडरचा होता. त्या काळात आपल्याकडे नेमकं तेच सगळीकडे होतं. ४० जीबीच्या हार्ड डिस्कमध्ये सीडीतलं मूळ संगीत जेमतेम पन्नास सीड्यांचं मावलं असतं. १२८ ने मात्र एका सात-आठ रुपड्यांच्या डिस्कवर बारा तासांच्या वर गाणी. फुटपाथवर 'बेस्ट ऑफ' एमपीथ्रीच्या डिस्कवर दीडशे गाणी मिळत असताना कोण कशाला तबल्याची धार बघत बसतोय?

आणि आता मुद्द्याची गोष्ट. घरातला डेक, गाडीतला प्लेअर यांना एमपीथ्री वाचता यायचं नाही. मग आपण काय करायचो? नीरो उघडायचं, 'ऑडिओ सीडी' निवडायचं, एमपीथ्री फाइली ओढून टाकायच्या आणि राइट. डिस्क बाहेर आली की ती गरम गरम असायची आणि कुठल्याही प्लेअरवर दुकानातल्या सीडीसारखी चालायची. मित्र म्हणायचे, "सीडी क्वालिटी आहे रे!"

त्या दहा मिनिटांत झालं काय? नीरोने १२८ ची फाइल उलगडून पुन्हा १,४११ ची केली. दहा भाग टाकून उरलेल्या एका भागातून पुन्हा अकरा भाग उभे केले. टाकलेलं परत येणार कुठून? झेरॉक्सची झेरॉक्स बाँड पेपरवर काढली म्हणून तिचा मूळ दस्तऐवज होत नाही. पण सीडीवर फक्त मोजमापं असतात, ती कुठून आली याची नोंद ठेवायला त्या प्रमाणात जागाच नाही. १९८० मध्ये कोणी विचारच केला नव्हता की एखादा मनुष्य घरी बसून स्वतः सीडी बनवेल, आणि तीही अशा मालातून. त्यामुळे कारखान्यातली सीडी आणि नीरोतली सीडी, दोघींचं ओळखपत्र एकच.

त्या डिस्कवरून पुन्हा कोणी गाणी काढून एमपीथ्री केली, की तुकड्यांच्या सीमा सरकतात, नवा एनकोडर जुन्याच्या चुका खरं संगीत समजून त्यांच्यावर बिट खर्च करतो आणि वर स्वतःच्या चुका घालतो. शिवाय एमपीथ्रीच्या सुरुवातीला-शेवटी थोडी रिकामी जागा चिकटते आणि नीरो आपणहून ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची गॅप टाकायचं. आलापातून बंदिशीत जाताना समेच्या तोंडावर दोन सेकंद शांतता! फिल्मी गाण्यांच्या लोकांना याचा पत्ताही नव्हता, शास्त्रीयवाले मात्र चिडचिडून जायचे.

फिल्मी गाण्यांचं फारसं बिघडत नाही हो. मूळ मास्टर कंपनीकडे आहे, आज कुठल्याही अॅपवर त्याहून बरी प्रत मिळते. बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी.

आमच्या नात्यात एक काका आहेत. नोकरी बँकेत, जीव गाण्यात. १९८० च्या दशकात घरगुती बैठकांना कॅसेट रेकॉर्डर घेऊन जायचे, यजमानाची आणि गवयाची परवानगी काढून पुढे माइक ठेवायचे. तसं रेकॉर्डिंग कुठल्या कंपनीकडे नाही, आकाशवाणीकडे नाही. जगात ती एकच प्रत. मध्यंतरी त्यांनी मला तीस-पस्तीस सीड्यांची चळत दिली, "बघ जरा, हल्ली अडकतात". कॅसेटवरून त्या एका दुकानात करून घेतल्या होत्या, वीस वर्षांपूर्वी. मी पहिलीच डिस्क कॉपी करून ऑडॅसिटीमध्ये स्पेक्ट्रम उघडला आणि १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापावं तशी सरळ रेष. त्याच्यावर काही नाही. खालच्या भागातही मधे मधे चौकोनी भोकं.

आता कोणी म्हणेल, कॅसेटवर तसंही तेवढं वरचं काय असतं? गाणं फारसं नसतं, बरोबर. पण टेपची सूंऽऽ अशी खरखर असते आणि ती वर जाताना हळूहळू उतरते, कड्यासारखी तुटत नाही. कडा दिसला म्हणजे मधे एमपीथ्री होऊन गेलंय, आणि दुकानदाराने ती फाइल उलगडून ऑडिओ सीडी मारलीये. याहून वाईट म्हणजे, एनकोडरला सगळ्यात महाग पडते ती खरखरच. सुराला आकार असतो, तो थोडक्यात लिहिता येतो. खरखरीला आकारच नाही, ती थोडक्यात लिहिताच येत नाही. त्यामुळे १२८ चा सगळा शिधा खरखर गिळून टाकते आणि तानपुऱ्याच्या वाट्याला उष्टं-खरकटं येतं. स्टुडिओतल्या स्वच्छ गाण्याला जे १२८ कसंबसं पुरतं, ते घरगुती कॅसेटला अजिबात पुरत नाही. म्हणजे ज्या आवाजाची दुसरी प्रत नाही, त्याच आवाजाशी हा आकडा सगळ्यात वाईट वागतो.

"काका, मूळ कॅसेटी कुठायत?"

"त्या होय? त्या दिल्या भंगारात, घर बदललं तेव्हा. सीडी आहे की!"

मी त्यांना स्पेक्ट्रमचं चित्र दाखवलं नाही. त्यांनी आनंदाने एक बैठक लावली, कुठल्या घरी कोण कुठे बसलं होतं ते सांगत बसले. चहा झाला. माझ्या डोक्यात मात्र तो 'सीडी आहे की' अडकून बसला. कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं. चकचकीत तबकडी, तीस वर्षं आपण ऐकत आलेलं 'सीडी क्वालिटी' हे ब्रीद, आणि डिस्कवर कुठेही न लिहिलेलं एक १२८.

आणि अडकतात का, हे त्याहून घाईचं प्रकरण आहे. कारखान्यातल्या सीडीत खड्डे ठशाने उमटवलेले असतात. राइट केलेल्या सीडीत खड्डे नसतातच, सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझर तो जागोजागी भाजतो. जपानच्या ताइयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये हे तंत्र पुढे आणलं. रंगांचे प्रकार तीन: सायनिन, थॅलोसायनिन आणि अॅझो. म्हणून काही डिस्क हिरवट, काही फिकट, काही गडद निळ्या दिसायच्या. सायनिन उन्हाला सगळ्यात नाजूक, थॅलोसायनिन टिकाऊ. पण डब्यावर हे कोणी लिहीत नसे, आणि आपण तर किंमत बघूनच डबा उचलायचो. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिना काढलेल्या डिस्कचं काय होणार ते सांगायला नको.

आणखी एक गैरसमज. आपण जपायचो ती खालची चकचकीत बाजू. पण तिथे १.२ मिलिमीटर जाड प्लॅस्टिक आहे. माहितीचा थर असतो वरच्या, लेबलच्या बाजूला, लाखेच्या एका पातळ लेपाखाली. बॉलपेनने दाबून "बाबांची आवडती - २" असं लिहिलं, की ते थेट बाबांच्या आवडत्या गाण्यांवरच कोरलं जायचं.

"४एक्स वर राइट कर, आवाज चांगला येतो" हेही खूप ऐकलंय. बिट तेच असतात, त्यामुळे आवाज वेगळा येण्याचं कारण नाही. वाचनातल्या चुका कमी-जास्त होऊ शकतात, जुने प्लेअर त्यावर अडखळू शकतात. पण नंतरच्या ४८एक्स डिस्कचा रंग वेगासाठीच बनवलेला होता, त्यांना फार हळू भाजणं उलट वाईटच ठरायचं. मध्यम वेग बरा.

त्या रंगांचे कारखानेही आता गेले. आपल्या नोएडाची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती, २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. ताइयो युडेनने २०१५ मध्येच डिस्कचा धंदा बंद केला. एमपीथ्रीचं लायसन्सही फ्राउनहोफरने २०१७ मध्ये, पेटंट संपल्यावर, बंद केलं. फ्लॅक हे काहीच न टाकता जवळपास निम्म्यात बसवणारं फुकट स्वरूप तर २००१ पासून आहे. तेव्हा निम्म्यालाही जागा नव्हती, आज एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये सगळे काका मावतील.

तेव्हा घरात असा डबा असेल तर या शनिवार-रविवारी काढा. उधार-उसना सीडी ड्राइव्ह मिळतो अजून. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने सावकाश वाचा, फ्लॅकमध्ये ठेवा. डिस्कमध्ये १२८ होऊन गेलं असेल तरीही फ्लॅकच करा, पुन्हा एमपीथ्री करून तिसरी झेरॉक्स काढू नका. स्पेक्ट्रम बघा, १६ किलोहर्ट्झवर कडा दिसतोय का ते. दिसला आणि मूळ कॅसेट घरात कुठे असेल, तर तीच पुन्हा वाजवून घ्या, कितीही खरखरत असली तरी. बऱ्या अवस्थेतली तीस-चाळीस वर्षांची टेप डेक साफ करून लावली की अजूनही वाजते. आणि फाइलच्या नावात गवयाच्या, रागाच्या, तारखेच्या शेजारी एक गोष्ट लिहा, जी सीडीवर लिहायला जागाच नव्हती: 'कॅसेटवरून थेट' की 'एमपीथ्रीच्या सीडीवरून'.